विमा कचेरीतील डॉ. काफ्का

३ जून १९२४ रोजी व्हिएन्नानजीकच्या किअर्लिंग या खेड्यातील एका लहानशा आरोग्यधामात फ्रान्झ काफ्का क्षयाने वारला. एक्केचाळीस वर्षे पुरी व्हावयास त्यास एक महिना उणा होता. तिसऱ्याच दिवशी प्रागच्या एका चेक दैनिकात मिलेना येसेन्स्का हिने त्याच्यावर मृत्युलेख लिहिला. ११ जूनला प्रागच्या ज्यू दफनभूमीत त्याचा अंत्यविधी झाला. पुढे मित्र माक्स ब्रॉड याने त्याची हस्तलिखिते जाळून टाकण्याची विनंती मोडली, एकामागून एक तीन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या आणि जगाला एक थोर लेखक मिळाला. त्या लेखकाविषयी लिहिण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही, तो साहित्याच्या प्राध्यापकांचा आहे. मला आठवण करून द्यावयाची आहे ती त्याच नावाच्या दुसऱ्या एका माणसाची. हा माणूस चौदा वर्षे एका विमा कचेरीत नोकरीस होता, दुपारी दोन वाजेपर्यंत फायली लिहीत होता, बढतीसाठी अर्ज करीत होता, आणि ज्यांची नावे त्यास कधीच कळली नाहीत अशा कामगारांची बोटे वाचावीत म्हणून खटपट करीत होता.

अर्थशास्त्राच्या शिक्षकाची या माणसाशी गाठ पडली ती एका विद्यार्थ्यामुळे. काही वर्षांपूर्वी बी.ए.च्या वर्गात मी ‘सामाजिक विमा’ हे प्रकरण शिकवीत होतो. व्याख्या सांगून झाली, प्रकार सांगून झाले. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याचे वडील एका छोट्या कारखान्यात पत्रा दाबण्याच्या यंत्रावर कामाला होते. उजव्या हाताची दोन बोटे त्या यंत्रात गेली होती. मालकाने दवाखान्याचे बिल भरले आणि सांगितले, ‘चूक तुमचीच, तुम्ही हात वेळेवर काढला नाहीत.’ मुलाचा प्रश्न साधा होता: “सर, खरंच चूक वडिलांची असेल, तर मग काहीच मिळत नाही का?” व्याख्या पाठ असलेल्या प्राध्यापकाला त्या क्षणी नीट उत्तर देता आले नाही. उत्तर शोधता शोधता मी कायद्याच्या पुस्तकापर्यंत गेलो, तेथून कामगार विम्याच्या इतिहासापर्यंत, आणि तेथे अचानक काफ्का भेटला.

*विम्याची एक नवी कल्पना*

कारखान्यात अपघात झाला तर नुकसान कोणी सोसावयाचे, हा एकोणिसाव्या शतकातील युरोपचा मोठा प्रश्न होता. जुन्या न्यायानुसार मालकाची चूक सिद्ध केल्याशिवाय कामगाराच्या पदरी काही पडत नसे, आणि हात गमावलेल्या माणसाने धनिकाविरुद्ध दावा लावून चूक सिद्ध करावी ही अपेक्षाच एक क्रूर थट्टा होती. १८८४ साली बिस्मार्कच्या जर्मनीने निराळी वाट धरली. चूक कोणाची हा वाद बाजूस ठेवून सर्व कारखानदारांकडून सक्तीने हप्ता घ्यावयाचा आणि त्या निधीतून जखमी कामगारास अथवा त्याच्या विधवेस भरपाई द्यावयाची. ऑस्ट्रियाने डिसेंबर १८८७ मध्ये असाच कायदा केला. हप्त्याचा नव्वद टक्के भाग मालकाचा आणि दहा टक्के कामगाराचा होता. साम्राज्याच्या निरनिराळ्या प्रांतांत त्यासाठी विमा संस्था निघाल्या. त्यांतील सर्वांत मोठी बोहेमियासाठी प्राग येथे होती, कारण बोहेमिया हा त्या साम्राज्याचा कारखानदारीचा मुलूख होता.

कल्पना उत्तम असली तरी व्यवहार बिकट होता. हप्ता दोन गोष्टींवर ठरे. कारखाना धोक्याच्या कोणत्या वर्गात मोडतो ही एक, आणि वेतनापोटी एकूण किती रक्कम दिली जाते ही दुसरी. मालक वेतनाची रक्कम कमी दाखवीत आणि वरच्या वर्गात घातले की अपील करीत. प्रागची संस्था अनेक वर्षे तुटीत चालली होती. अशा संस्थेत ३० जुलै १९०८ रोजी पंचवीस वर्षांचा एक कायद्याचा डॉक्टर दुय्यम नोकर म्हणून रुजू झाला.

काफ्काने १९०६ साली प्रागच्या जर्मन विद्यापीठातून कायद्याची डॉक्टरेट मिळविली होती. ती पदवी प्रदान करणारे प्राध्यापक आल्फ्रेड वेबर होते. उद्योगांच्या स्थाननिश्चितीचा जो सिद्धांत आम्ही आजही वर्गात शिकवितो, त्याचेच हे जनक. पहिली नोकरी एका इटालियन विमा कंपनीच्या प्राग शाखेत मिळाली. तेथे दिवसभर काम असे आणि लिहावयास वेळच उरत नसे. नऊ महिन्यांत त्याने ती सोडली. कामगार विमा संस्थेत सकाळी आठ ते दुपारी दोन ही वेळ होती. त्या काळी ज्यू उमेदवाराला अशा निमसरकारी संस्थेत प्रवेश जवळजवळ बंदच होता. शाळासोबत्याचे वडील संस्थेचे अध्यक्ष होते म्हणून दार उघडले. वशिल्याने आला हे खरे. परंतु वशिल्याने आलेला प्रत्येक जण जागा अडवून बसण्यासाठीच येतो असे नाही.

*रंध्याचा दांडा*

संस्थेच्या वार्षिक अहवालात १९१० साली एक लेख प्रसिद्ध झाला. विषय होता लाकूड रंधण्याच्या यंत्रावरील अपघात. लेखकाचे नाव अर्थातच छापलेले नव्हते. कचेरीतल्या लिखाणावर कारकुनाचे नाव नसते. तो लेख काफ्काचा होता.

हातरंधा आपण सर्वांनी पाहिला आहे. यंत्राच्या रंध्यात टेबलाच्या फटीखाली एक दांडा मिनिटाला हजारो फेरे घेत असतो आणि त्याला पाती बसविलेली असतात. जुन्या यंत्रांत हा दांडा चौकोनी असे. चौकोनी दांडा फिरताना त्याच्या कडा आणि टेबल यांमध्ये रुंद पोकळी राहते. फळी पुढे सरकविताना लाकडाची गाठ लागली, फळी उसळली किंवा हात निसटला की बोटे थेट त्या पोकळीत जात आणि एकदम अनेक पेरी छाटली जात. काफ्काने दाखवून दिले की हे अपघात हलगर्जी कामगारांपुरते मर्यादित नाहीत. अत्यंत सावध माणसाचा हातही कधी तरी निसटणारच. यावर उपाय होता तो गोल दांड्याचा. त्यात पाती आत झाकलेली राहतात आणि फट अरुंद होते. बोट सापडलेच तर ओरखडा उठतो, हात अधू होत नाही. लेखात दोन्ही दांड्यांच्या आकृत्या होत्या आणि बोटे तुटलेल्या हातांचीही चित्रे होती. एवढ्यावर न थांबता, हा बदल मालकाच्या दृष्टीनेही आतबट्ट्याचा नाही असे त्याने पटवून दिले.

हा लेख वाचताना त्या विद्यार्थ्याचा प्रश्न मला पुन्हा आठवला. ‘चूक तुमचीच, हात वेळेवर काढला नाहीत.’ प्रागच्या कचेरीतील त्या तरुणाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवले होते. जे यंत्र माणसाकडून कधीही न चुकण्याची अपेक्षा करते, ते यंत्रच चुकीचे. माणूस चुकणारच हे गृहीत धरून यंत्र बनविले पाहिजे.

पुढे १९१४ मध्ये दगडखाणींतील अपघातांवर त्याने छायाचित्रांसह असाच विस्तृत मजकूर तयार केला. मधल्या काळात उत्तर बोहेमियातील लिबेरेत्स, याब्लोनेत्स अशा औद्योगिक गावांचे त्याचे दौरे चालू होते. कारखाने पाहावयाचे, त्यांचा धोक्याचा वर्ग ठरवावयाचा, मालकांच्या अपिलांना उत्तरे लिहावयाची. १९१३ साली अपघात निवारणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी तो वरिष्ठांसह व्हिएन्नासही गेला होता.

धोक्यानुसार वर्गवारी हे काम वरवर पाहता रूक्ष वाटते, पण या योजनेचा सारा प्राण त्यातच आहे. सर्वांना एकच हप्ता लावला तर सुरक्षित कारखाना धोकादायक कारखान्याचा बोजा वाहतो, आणि जाळ्या व झाकणे बसविण्यात कोणालाच फायदा दिसत नाही. हप्ता धोक्याशी जोडला की अपघाताची किंमत मालकाच्या हिशेबवहीत उतरते. कामगाराचे रक्त ज्या वहीत कधी नोंदले जात नव्हते, तेथे ते आकड्याच्या रूपाने येते. हे आकडे प्रामाणिक राहावेत म्हणून कोणी तरी अपिलाच्या एकेका फायलीशी झुंजावे लागते. काफ्काने चौदा वर्षे ही झुंज दिली.

*कचेरीतला माणूस*

ब्रॉडने लिहिलेल्या चरित्रावरून दिसते की कचेरीत काफ्का सर्वांना आवडे, त्याचा शत्रू असा कोणी नव्हता. ज्या कचेरीत जर्मन आणि चेक यांचे सख्य नव्हते, तेथे ही गोष्ट लहान नव्हे. तो शिपायाशी आणि संचालकाशी सारख्याच सौजन्याने बोले. त्याच्या मिस्कीलपणाच्या हकिगतीही आहेत. एकदा बढतीचे आभार मानण्यासाठी सहकाऱ्यांसह तो अध्यक्षांसमोर उभा होता. गंभीर समारंभ चालू असताना त्यास हसू फुटले आणि ते काही केल्या आवरेना. ही हकिगत पुढे त्याने स्वतःच एका पत्रात रंगवून सांगितली आहे. सप्टेंबर १९१२ मध्ये एका रात्रीत बसून त्याने एक दीर्घ कथा लिहून काढली. सकाळी कचेरीत न जाता त्याने वरिष्ठांना चिठ्ठी पाठविली: किंचित घेरी आली, अंगात थोडी कणकण आहे, दुपारी येतो. अशी चिठ्ठी आपल्यापैकी कोणी लिहिली नसेल तर त्याने हात वर करावा. त्याच वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ‘रूपांतर’ ही त्याची जगप्रसिद्ध कथा पुरी झाली, आणि त्याच महिन्यात वेतनश्रेणी सुधारण्यासाठी इतर कर्मचाऱ्यांशी तुलना करणारा एक तपशीलवार अर्जही त्याने संस्थेस सादर केला. थोर साहित्यिक आणि वेतनवाढीचा अर्जदार एकाच देहात सुखाने नांदू शकतात, हे कारकून बांधवांनी ध्यानात ठेवावे.

पण त्याच्या मायेचा खरा विषय खिडकीसमोर उभे राहणारे अपंग कामगार होते. ब्रॉडने नोंदविलेला त्याचा एक उद्गार प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की, ही माणसे किती नम्र आहेत पाहा. ज्या संस्थेवर चाल करून ती मोडून तोडून टाकावी, तिच्याकडे ती विनवण्या करीत येतात. स्वतः त्या संस्थेचा नोकर असलेला माणूस हे म्हणतो, यात त्याची सचोटी दिसते. दाराबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या नजरेने आपली कचेरी कशी दिसते, हे तो विसरला नव्हता.

*दुसरी बाजू*

मृत व्यक्तीविषयी लिहिताना गुणगान करण्याचा मोह होतो, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काफ्काला कचेरी आवडत होती असे म्हणणे सत्याशी प्रतारणा ठरेल. त्याच्या दैनंदिनीत आणि पत्रांत कचेरीविषयी कडवट तक्रारी जागोजागी आहेत. ही नोकरी आपले लेखन गिळून टाकते असे त्यास वाटे. शिवाय नियतीने त्याची एक विलक्षण थट्टा केली. १९११ च्या अखेरीस कुटुंबाच्या आग्रहाने तो मेहुण्याच्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात भागीदार झाला. अपघात विम्याचा हा अधिकारी स्वतःच कारखानदारांच्या पंगतीत जाऊन बसला, आणि तोही अशा पदार्थाच्या कारखान्यात की ज्याची धूळ फुप्फुसांस किती घातक आहे हे पुढे जगाला कळले. तेथे काम करणाऱ्या मुलींची अवस्था पाहून त्याने दैनंदिनीत लिहिलेला मजकूर अस्वस्थ करणारा आहे. परंतु त्या कारखान्याची त्यास शिसारी आली, तरी त्याने तो सुधारला असा दाखला मिळत नाही. कुटुंबाच्या तगाद्यापुढे तो अगतिक झाला, एवढेच म्हणता येते. युद्धकाळात तो कारखाना बंद पडला.

एक दंतकथाही येथेच निकालात काढलेली बरी. कामगारांच्या डोक्यावरील कठीण टोपी, म्हणजे आजचे हेल्मेट, काफ्काने शोधून काढले असे व्यवस्थापनशास्त्रज्ञ पीटर ड्रकर यांनी लिहिले आणि ते सर्वत्र उद्धृत होते. या दाव्याला कागदोपत्री आधार सापडलेला नाही. काफ्काची कचेरीतील कागदपत्रे १९८४ मध्ये बर्लिनमध्ये आणि पुढे २००४ मध्ये अधिक भर घालून जर्मन भाषेत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आहेत. त्यांत जे आहे ते पुरेसे आहे, त्यास खोट्या मोठेपणाची गरज नाही.

मग प्रश्न असा की, ज्याला काम आवडत नव्हते त्याने ते इतके चोख का केले? मला वाटते, आजच्या नोकरदाराने काफ्कापासून घ्यावयाचा धडा नेमका येथे आहे. कामावर प्रेम असेल तरच ते मनापासून करता येते, हा अलीकडचा लाडका समज आहे. काफ्काचे प्रेम रात्रीच्या लेखनावर होते. तथापि सकाळच्या फायलीच्या दुसऱ्या टोकाला एक हात आहे आणि त्या हाताला पाच बोटे आहेत, हे त्यास ठाऊक होते. एवढे ठाऊक असणे पुरेसे असते.

*अखेरची वर्षे*

पहिल्या महायुद्धात संस्थेवर परतलेल्या जखमी सैनिकांचे काम येऊन पडले. युद्धाच्या धक्क्याने ज्यांची मने आणि नसा खचल्या अशांसाठी रुग्णालय उभारण्याच्या खटपटीत काफ्काचा मोठा वाटा होता. त्यासाठीची आवाहने त्याने लिहिली. तो कामास अत्यावश्यक आहे असे कळवून संस्थेने त्यास सैन्यभरतीतून सोडविले. ऑगस्ट १९१७ मध्ये त्याच्या घशातून रक्त आले आणि क्षयाचे निदान झाले. १९१८ साली साम्राज्य कोसळले, चेकोस्लोव्हाकिया जन्मास आला आणि कचेरीची भाषा एका रात्रीत जर्मनची चेक झाली. जर्मन वरिष्ठांना जावे लागले. काफ्का मात्र राहिला. त्यास चेक उत्तम येत होती आणि कोणत्याही गटाच्या द्वेषात त्याने आपला वाटा उचललेला नव्हता. नव्या चेक वरिष्ठांनीही त्याच्या दीर्घ रजा सहानुभूतीने मंजूर केल्या आणि आजारपणातही त्यास बढती दिली. १ जुलै १९२२ रोजी तो निवृत्त झाला. पुढच्या वर्षी तो बर्लिनला राहावयास गेला, तेव्हा जर्मनीत चलनफुगवट्याने सारे ताळतंत्र सोडले होते. विम्याच्या मुशीत आयुष्य काढलेल्या या माणसाची अखेरची थंडी महागाई मोजण्यात गेली. त्यानंतर किअर्लिंग, आणि शेवट.

त्याच्या मृत्यूनंतर बरोबर चार आठवड्यांनी, १ जुलै १९२४ रोजी, आपल्या देशात १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा अंमलात आला. दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही, पण दोन्हींमागचा विचार एकाच गोत्राचा आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याच कायद्यात होते. कामगाराचा साधा निष्काळजीपणा हे भरपाई नाकारण्याचे कारण होऊच शकत नाही. नशेत असणे, सुरक्षेचा नियम हेतुपुरस्सर मोडणे अथवा संरक्षक साधन जाणूनबुजून काढून टाकणे, एवढेच अपवाद कायद्याने सांगितले. अंगठा गेला तर मिळकतीची क्षमता ३० टक्के आणि तर्जनी मुळापासून गेली तर १४ टक्के घटली असे धरावे, इतका तपशील त्याच्या परिशिष्टात होता. मात्र तो मालकाच्या जबाबदारीचा कायदा होता, विम्याचा नव्हे. मालकाने दिले नाही तर कामगाराने झगडावयाचे. सर्वांचा हप्ता एकत्र करून भरपाई देण्याची योजना आपल्याकडे यावयास प्रा. बी. पी. आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालाची आणि १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याची वाट पाहावी लागली. जुलै २०१९ पासून त्या योजनेत वेतनाच्या ३.२५ टक्के मालकाचे आणि ०.७५ टक्के कामगाराचे असा हप्ता ठरला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाले, आणि मोबाइलवरून मिळणाऱ्या कामावर दारोदार फिरणाऱ्या तरुणांची कायद्याने दखल घेतली. संहितेची कलमे चांगली आहेत की अपुरी, यावर वाद होत राहील. परंतु कोणतेही कलम आपल्या पायांनी चालत कामगाराच्या घरी जात नाही. त्याला कोणा तरी कारकुनाने, तपासनिसाने, विमा अधिकाऱ्याने हात धरून तेथवर न्यावे लागते.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी अखेर अर्ज केला. वर्षभर खेपा घालून थोडी रक्कम हाती आली. ती पुरेशी होती असे मी म्हणणार नाही. पण मुलाने मला येऊन सांगितलेली गोष्ट निराळीच होती. कचेरीतल्या एका मध्यमवयीन बाईंनी अर्ज उघडला, वडिलांना बसावयास खुर्ची दिली आणि ‘चूक कोणाची’ हा प्रश्न न विचारता ‘हात दाखवा, आता दुखतो का?’ असे विचारले. वडील घरी येऊन तेच पुन्हा पुन्हा सांगत होते.

त्या बाईंनी काफ्काचे नाव ऐकले असेल की नाही, मला ठाऊक नाही. ऐकले नसेल तरी बिघडत नाही. त्याच्या कादंबऱ्यांतील कचेऱ्यांत माणूस वर्षानुवर्षे दारे ठोठावीत राहतो आणि आतून कोणी ओ देत नाही. तशा कचेऱ्या आपल्या परिचयाच्या आहेत. त्या रंगविणारा माणूस स्वतः मात्र ज्या मेजापाशी बसला, तेथून ओ देत राहिला, ही आठवण त्याच्या मागे आपण जपावी.